बोनेटवरचं जाळं

"भाऊ, गाडीवर काई नाई."

दिव्यानी हे मोठ्यानं म्हणाली नव्हती. रागानंही नाही. पॉलिशर बंद करून, त्याचा पॅड वर राहील अशा बेतानं तो स्टुलावर ठेवून, मनगटानं कपाळावरचा घाम पुसता पुसता ती बोलली आणि बाटलीतलं पाणी प्यायला लागली. पण हरिदास खोब्रागडेच्या हातातला लाईट जागच्या जागी थांबला. बावीस वर्षं तो गाड्यांच्या रंगात होता, त्यातली शेवटची नऊ चंद्रपुरात, आदेशच्या या मूल रोडवरच्या वर्कशॉपमध्ये. आणि गाडीवर काय आहे नि काय नाही हे त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची, हा इथला शिरस्ता होता. आदेश मालक खरा, पण तोही हरिदासच्या शब्दाबाहेर जात नसे. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची ती एवढंच, की हरिदासभाऊनं पाह्यली का? त्यानं पाहिली म्हणजे पाहिली. आणि आज ही भामरागडकडची पोर त्याला सांगत होती, की तुम्हाला जे दिसतं ते नाहीच. पोर म्हणायचं आपलं; दिव्यानी आत्राम तेहतीस वर्षांची होती आणि तिच्या हाताखालून तीनचारशे गाड्या गेल्या होत्या. पण छप्पन्नाव्या वर्षी माणसाला चाळिशीच्या आतलं सगळं जग पोरासोरांचं वाटतं, आणि हरिदासला ते जरा जास्तच वाटे.

"परत पाह्य," तो म्हणाला. "बोनेटच्या मधात. दिव्याच्या भोवताल गोल गोल दिसून राह्यलं. जाळं आहे थे."

"तीनदा पाह्यलं, भाऊ."

"मंग चवथ्यांदा पाह्य."

तिनं पाहिलं. वाकून पाहिलं, बाजूला सरून पाहिलं, त्याच्या हातातला लाईट मनगटाला धरून खाली-वर करून पाहिलं. हरिदासला तिच्या डोळ्यांतला प्रामाणिकपणा दिसत होता आणि त्याचाच त्याला राग येत होता. खोटं पाहणाऱ्याला रागावता येतं. खरं पाहून नाही म्हणणाऱ्याचं काय करायचं?

"नाई," ती म्हणाली. "तुमी म्हनान तर आनखी एक हात मारते मी. पन मीटर पाहा." तिनं रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर बोनेटच्या मध्यावर टेकवलं आणि आकडा त्याच्यापुढं धरला. "सकाळी एकशे दहा होता. आता सत्त्यान्नव आहे. चवथा हात मारला नं खालचा रंग उघडा पडला, तं मंग माह्यं नाव घेऊ नोका."

हे तिनं त्याला शिकवायची गरज नव्हती, कारण तिला हे त्यानंच शिकवलं होतं. पॉलिश म्हणजे चमक चढवणं असा लोकांचा समज असतो. खरं म्हणजे ते उतरवणं असतं. रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो; सगळे ओरखडे त्या थरात; पॉलिशरनं तो थर इतका इतका उतरवत ओरखड्याच्या तळापर्यंत जायचं, की ओरखडा गेला. पण थर काही विहिरीचं पाणी नव्हे, उपसलं तर रात्रीतून भरायला. संपला की संपला. हे सगळं हरिदासला पाठ होतं, तरी त्याच्या तोंडून निघालं, "पॅड धुऊन घे. नरम पॅड लाव. हलका हात मार, पन मार. जाळ्यावर कोटिंग लावून मी गाडी देत नसतो." आणि ती पॅड धुवायला नळाकडं वळायच्या आत तो स्वतःच दार ढकलून बाहेर पडला, लाईट हातात तसाच, आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या सावलीत बाकावर जाऊन बसला. दुपारचे तीन वाजत होते. पाच वाजता धनराज येणार होता. मोहर्लीला त्याचं लॉज. जंगलाच्या कडेच्या वाटांवर घाणेरीच्या फांद्यांनी ओरबाडलेली त्याची ही काळी मोठी गाडी चार दिवस इथं होती, परवा तिच्यातूनच तो लेकीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला जाणार होता. कोटिंग म्हणजे रंगावरचा शेवटचा पक्का थर, खालचा दोष आतच कोंडून टाकणारा; ते लावायच्या आधी गाडीच्या धन्याला बोलावून, काळ्या खोलीत दार लावून, लाईट फिरवून सगळी गाडी दाखवायची, ही पद्धत हरिदासनंच पाडली होती. तो तिला दाखवणी म्हणायचा. आदेशला वाटे धंद्याची युक्ती. हरिदासला ती शपथ वाटे.

काळी खोली म्हणजे मागच्या बाजूची बिनखिडकीची खोली, चारी भिंतींना काळा रंग, दार लावलं की भर दुपारी काळोख. ट्यूबलाईट म्हणजे साऱ्यांचं झाकून घेणारी सोशिक सासू. तिच्या उजेडात कोणतीही गाडी गुणाची दिसते. पण अंधारात एकच छोटा प्रखर दिवा तिरपा धरला, की त्याच्या प्रतिबिंबाभोवती ओरखड्यांची बारीक वर्तुळं उमटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चंद्रपूरच्या गाड्यांना हे जाळं हमखास. रोज सकाळी गाडीवर काळी धूळ बसते, रोज सकाळी ड्रायव्हर ती कोरड्या फडक्यानं झटकतो, आणि धुळीचा एकेक कण गाडीवर आपली सही करून जातो. ड्रायव्हर लोकांना हरिदास लाईट मारून दाखवायचा आणि म्हणायचा, हे पाह्य, तुह्या वर्षभराच्या मेहनतीचं फळ. त्यांचे चेहरे उतरले की त्याला बरं वाटे. हो, वाटे. त्याच्यात थोडा दुष्टपणा होता आणि तो त्याला ठाऊक होता.

डोळा त्याला आईकडून आला होता. मंगलीबाई नागभीडच्या राईस मिलमध्ये तांदूळ निवडायची. मिलच्या मोठ्या दारात दहाबारा बाया सूप घेऊन ओळीनं बसायच्या, आणि दाराच्या उजव्या कोपऱ्यातली जागा आईची, तिथं सकाळचं ऊन आडवं यायचं. तिच्या शेजारी बसून सहासात वर्षांचा हरिदास सुपातले खडे शोधायचा आणि त्याला एकही सापडायचा नाही, कारण खडे तांदळाच्याच रंगाचे. आई हसायची. "तांदूळ नको पाहू रे बाबू. सूप वाकडं धर, उनाकडं. सावली पाह्य. तांदळाची सावली लांबट पडते, खड्याची गोल." तिनं सूप वाकडं केलं आणि हरिदासला एकदम सातआठ खडे दिसले, जणू ते कोणी आत्ताच आणून टाकले होते. ती गंमत आयुष्यभर त्याच्या अंगातून गेली नाही. मिलचा मालक पोती शिवायच्या आधी विचारायचा, मंगलीच्या हाताखालून गेलं का? लिहिता-वाचता न येणाऱ्या, मिलच्या पलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या त्या बाईचं नाव मालकाच्या तोंडी अदबीनं यायचं, आणि हरिदास तेव्हाच समजला होता की डोळा असला म्हणजे माणसाला कुठंही मान ताठ ठेवून बसता येतं. पुढं बल्लारपूरला डोमा पेंटरकडं ट्रकांचे दरवाजे रंगवताना, सगळे समोरून पाहून छान म्हणत तिथं हा खाली बसून आडवा पाहायचा. डोमा म्हणायचा, हा गडी कोंबडीसारखी मान करून पाह्यते, पन पाह्यते बरोबर. आणि नऊ वर्षांपूर्वी आदेशनं पुण्याहून तो तपासणीचा लाईट आणला, मुठीत मावेल एवढा, आणि बाकीचे त्याला टॉर्च म्हणून हसत होते, तेव्हा हरिदासनं तो शोरूममधून आलेल्या कोऱ्या गाडीवर तिरपा धरला नि कोऱ्या गाडीची सगळी कर्मकहाणी बोनेटवर उघडी पडली. मिलच्या दारातलं ऊनच कोणी डबीत भरून दिलं होतं. त्या दिवशी तो घरी गेला तो चालत नव्हता, मिरवत होता.

आणि का मिरवू नये? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतली पुढची निळी जीप दरवर्षी त्याच्या हातची असे. आधीचे दोन दिवस तो तिच्यावर काम करी, स्वतःच्या हौसेनं, आणि मिरवणुकीच्या संध्याकाळी गांधी चौकात जीप आली की हजारो दिवे तिच्या बोनेटवर उतरत, एकेक दिवा टिंबासारखा नीट, कुणाच्याही भोवती एक रेघ नाही. लोक जीपवरच्या तसबिरीला हात जोडत. हरिदासही जोडे. पण जोडताना त्याची नजर बोनेटवर असे आणि छाती अशी भरून येई, की शेजारी उभ्या कमळाला, त्याच्या बायकोला, त्याच्या दंडाला चिमटा घ्यावा लागे, चला आता पुढं. या वर्षी मात्र दिव्यांभोवती थोडं धुरकट दिसलं होतं. तो लगेच म्हणाला होता, हवेत किती धूळ झाली पाह्य. कमळा म्हणाली होती, हो.

हवेत धूळ आहे, हे चंद्रपुरात कोणी कोणाला पटवून द्यावं लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते, दुधावरच्या सायीवर बसते, खोकला आला तर तिच्यामुळं आणि डोकं दुखलं तरी तिच्यामुळंच. त्यामुळं गेल्या दिवाळीपासून संध्याकाळी बल्लारपूर रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसायला लागली, तेव्हा हरिदासला त्यात काही वेगळं वाटलं नाही. धूळ वाढली. थंडीत आणखी वाढली. उन्हाळ्यात कमी व्हायला हवी होती, नाही झाली, तर तो आदेशला म्हणाला, यंदा खानीवाले जोरात आहेत वाटते. आदेश मोबाईलमध्ये बघत हं म्हणाला. त्यालाही ते पटलं होतं. सगळ्यांनाच सगळं पटत होतं.

बाकावर बसल्या बसल्या त्यानं डबा उघडला. जेवण झालं होतं, पण राग आला की त्याला काहीतरी चावायला लागे, आणि कमळानं वेगळ्या पुडीत चणे बांधून दिले होते. लाईट मांडीवर तसाच चालू होता. डब्याच्या झाकणावर तो पडला आणि झाकणात दिव्याभोवती जाळं दिसलं. बरोबर, स्टीलच ते, राखेनं घासलेलं, ओरखडे असणारच. त्यानं चणे तोंडात टाकले. मग सहज, अगदी सहज, भिंतीवर हात धुवायच्या जागी टांगलेल्या आरशाकडं लाईट वळवला. आरशातही जाळं. आरसा मळका होता. तो उठला, सदऱ्याच्या टोकाला पाणी लावून त्यानं आरसा पुसला, पुन्हा पुसला, आणि लाईट धरला. जाळं. तीच वर्तुळं, तेच मधून फुटलेले काटे. काचेला कोणी फडक्यानं ओरबाडत नाही. पण मन मोठं वकील असतं; त्यानं लगेच सांगितलं, जुना आरसा आहे, मागचा पारा उडाला असंल. मग हरिदासनं, का ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, लाईट उलटा फिरवला आणि हात लांब करून दिव्याकडं सरळ पाहिलं. मध्ये गाडी नव्हती, झाकण नव्हतं, काच नव्हती. दिव्याभोवती जाळं होतं.

हवेत जाळं कसं पडेल?

त्यानं डावा डोळा झाकला. जाळं. उजवा झाकला. थोडं कमी, पण जाळं. लाईट विझवून तो बाकावर बसला आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो तांदूळ. दर रविवारी घरचा आठवड्याचा तांदूळ तो स्वतः निवडत असे. पुरुषासारखा पुरुष सूप घेऊन दारात बसतो म्हणून गल्ली हसायची, पण आईच्या मागं तेवढं एक त्यानं सोडलं नव्हतं. गेल्या महिन्यात जेवताना त्याच्या दाताखाली कडकन खडा आला. दुकानदार आता दगडं विकून राह्यला का, म्हणून तो केवढा ओरडला होता, आणि कमळा एवढंच म्हणाली होती, बदलून पाहू दुकान. तांदूळ निवडला कोणी होता? त्यानंच. नंतर एका सोमवारी विसरलेला मोबाईल घ्यायला तो अर्ध्या वाटेतून घरी परतला, तर कमळा दारात सूप घेऊन बसलेली, त्यानं आदल्या दिवशी निवडलेलाच तांदूळ पुन्हा निवडत. काऊन, त्यानं विचारलं. किडे झाले का पाहून राह्यली होती, ती म्हणाली. त्याला तेव्हा थोडा रागच आला होता. आता समजलं, की ती कित्येक आठवडे, तो गल्लीच्या वळणाआड गेला की सूप काढत असेल. त्याच्या मानाला धक्का लागू नये म्हणून त्याच्या पाठीमागं त्याचं काम करत असेल. त्याला तिची फार माया आली आणि त्याच वेळी आपण किती मोठे मूर्ख आहोत असंही वाटलं.

जाळं डोळ्यातच होतं, मोतीबिंदूचं; आणि मोतीबिंदू निघतो, हे त्याला ठाऊक होतं. दिव्याभोवती कडी दिसते म्हणणाऱ्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांचा निघाला होता, त्यातला एक तर आता लांबूनच लोकांच्या ताटात काय आहे ते सांगायचा. भीती डोळ्याची नव्हती. भीती मागच्या महिन्यांची होती. जानेवारीत एका डॉक्टरची करड्या रंगाची गाडी त्यानं दिव्यानीकडून पाच वेळा घासून घेतली होती आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, बाई, तुह्या हातात दम नाई. तिनं खाली मान घालून सहाव्यांदा पॅड लावला होता. मार्चमधली पांढरी. होळीनंतरची ती लाल. प्रत्येक गाडीवर जाळं, प्रत्येक जाळ्याला तिचा हात जबाबदार. आणि ती कामाला आली त्या पहिल्या दिवशी? तिची परीक्षा घ्यायला त्यानं एका दारावर पाच दोष हेरून ठेवले होते. नदीला पूर आला की ज्या गावाचा रस्ता महिना महिना बंद असतो तिथून आलेली ही बाई काय पाहणार, असं त्याच्या मनात होतं, खोटं कशाला बोलायचं. तिनं सहा दाखवले. सहावा त्यानं हसण्यावारी नेला, धूळ आहे थे, म्हणाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण तो ड्रायव्हर लोकांवर किती वेळा फेकत आला होता. म्हण स्वतःवर येऊन पडली की तिची सगळी मजा जाते.

तेवढ्यात आत पॉलिशर सुरू झाला.

त्या आवाजानं तो असा उठला की चण्यांची पुडी अंगणभर सांडली. सत्त्यान्नव. बोनेटचा मध्य, जिथं तीन हात आधीच मारून झाले होते, आणि त्याच्या हुकमावरून चौथा. दार उघडून तो काळ्या खोलीत शिरला तेव्हा दिव्यानी पॅड बोनेटवर टेकवायला वाकलेलीच होती.

"थांब!" तो ओरडला. "बंद कर थे. बंद कर पह्यले."

तिनं बंद केला. फिरता फिरता पॅड हळू झाला, थांबला.

"काय झालं?"

बावीस वर्षांत हरिदासनं ड्रायव्हरांना, मालकांना, शोरूमवाल्यांना, डोमा पेंटरलासुद्धा त्यांच्या चुका दाखवल्या होत्या, आणि स्वतःची दाखवायची वेळ आली तर शब्द कोणते वापरतात हेच त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्यानं लाईट लावला, भिंतीकडं तोंड करून, आणि म्हणाला, "गाडीवर काई नाई."

"थेच म्हनून राह्यली मी."

"गाडीवर नाई. माह्या डोळ्यात आहे. मोतीबिंदू. या दिव्याच्या भोवताल बी मले जाळं दिसते."

दिव्यानी हसेल असं त्याला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून असंल. मले वाटे, धूळ आहे."

"दिवाळीपासून," ती म्हणाली. तिनं मनातल्या मनात गाड्या आठवल्या असणार, कारण तिचा चेहरा एकदा कडक झाला. "थ्या डॉक्टरच्या गाडीवर मी सहा हात मारले, भाऊ. घरी जाऊन मले हाताले तेल चोळा लागलं. आन मी रडली बी होती. वाटे, आपलाच हात बसून राह्यला नाई."

"तुहा हात बरोबर होता," हरिदास म्हणाला. "पह्यल्या दिवसापासून बरोबर होता. थो सहावा दोष बी होता दारावर. धूळ नव्हती थे."

हे तिला आठवत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण तिच्या नाकपुड्या थरथरल्या आणि तिनं पटकन पाठ फिरवून पॅड काढायला घेतला. मग तिनं एक फडकं त्याच्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं, आणि दोघं दोन बाजूंनी गाडी स्पिरिटनं पुसू लागले. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखड्यांत बसून ते झाकतं. स्पिरिटनं पुसलं की रंग जसा आहे तसा उरतो. पुसता पुसता हरिदासला वाटलं, अजून वेळ आहे. धनराज येईल, आपण लाईट फिरवू, हात तर अजून तेच वळण फिरतो, पाह्यली, म्हणायचं. गाडी खरंच चांगली आहे. खोटं कुठं बोलतोय आपण? दवाखान्यात जाऊन येऊ गुपचूप, कोणाला कळणारही नाही. दिव्यानी सांगणार नाही, ती तशी नाही. हा विचार इतका सोपा आणि इतका गुळगुळीत होता, की हरिदासला त्याचा संशय आला. ट्यूबलाईटखालच्या गाडीसारखा होता तो.

पाचला दहा कमी असताना आदेश धनराजला घेऊन आला. धनराज म्हणजे घाईचा माणूस, उंबऱ्यातूनच बोलत आला. "काय हरिदासभाऊ, झाली का आमची काळी? पाह्यली नं तुमी? तुमी पाह्यली तं मी पाहतच नाई, लावा कोटिंग. मले घरी मांडववाला येऊन बसला आहे."

"धनराजभाऊ," हरिदास म्हणाला, "मी पाह्यलेली धरू नोका. माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. मले काई खरं दिसत नाई."

आदेश एकदम हसला. "मस्करी करून राह्यले भाऊ."

"मस्करी नाई. गाडी हिनं केली, हिनंच पाह्यली. मी तं चांगल्या रंगावर तीन हात मारवले हिच्याकून. चवथा मारला असता तं बोनेट गेलं असतं. हिनं सांगितलं म्हनून वाचलं."

हे बोलताना त्याला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण तिच्याखालून दुसरंच काही वर येत होतं. मिरवणुकीत जीप दिसली की यायचं तसं. त्यानं लाईट दिव्यानीच्या हातात दिला. तिनं तो घेतला, एकदा त्याच्याकडं पाहिलं, दार लावलं, आणि काळ्या खोलीत प्रकाशाची एकच तिरीप गाडीवरून फिरू लागली. बोनेट. उजवी बाजू. मागचं दार. हरिदासला तिरपा प्रकाश दिसत होता आणि त्याच्याभोवती त्याचं स्वतःचं जाळं. त्याला दिसत होतं ते दिव्यानीचं वाकणं; बाजूनं, मान कलती करून, सावली शोधणारं. हे आपण हिला शिकवलं, त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, नाही, हिला हे येतच होतं, आपण फक्त जागा दिली, तीही कुरकुरत. डाव्या बाजूच्या मागच्या दाराशी ती तिरीप थांबली.

थांबली ती हललीच नाही.

"भाऊ."

"काय आहे?"

"इथी आहे एक. हँडलच्या खाली. पॉलिशरचा माग आहे, धुरासारखा." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "माह्याच हातचा आहे. तिसऱ्या वेळी मी रागात होती, मशीन वाकडी धरली. तेलानं झाकून राह्यलं होतं, आता पुसल्यावर निघालं."

"दिव्यानी," आदेश दातांवर दात ठेवून म्हणाला. धनराज खाली वाकला, डोळे बारीक करून त्यानं दार पाहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं. "कुठी? मले तं आरसा दिसते हा. काई नाई तिथी. बाई, लेकीचं साक्षगंध आहे परवा, तुमी काय काढून राह्यल्या?"

हरिदास पुढं आला. दाराशी गुडघे टेकून बसला. दिव्यानीनं लाईट तिरपा धरला, आणि त्याला वर्तुळं दिसली, नेहमीची, हवेतली. तिनं त्याचं बोट धरून हँडलच्या खाली टेकवलं. "इथी. इथून इथपर्यंत." त्यानं बोट फिरवलं. बावीस वर्षांच्या त्या बोटाला पत्रा थंड लागला, गुळगुळीत लागला, आणि काहीही लागलं नाही.

"तुमाले दिसून राह्यलं का पन?" धनराजनं विचारलं.

"नाई," हरिदास म्हणाला. "मले नाई दिसत. तिले दिसते." तो गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि त्याचा आवाज खोलीत असा भरला, जसा तो नऊ वर्षं भरत आला होता. "आज कोटिंग होत नाई, धनराजभाऊ. हे दार ती परत करंल, उद्या कोटिंग लावंल, परवा सकाळी सातले गाडी तुमच्या दारात. इथून वाकडी गाडी जात नाई."

धनराज आदेशकडं बघू लागला, आदेश हरिदासकडं. हरिदास कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. कोटिंगची छोटी काचेची बाटली तिथं उघडून ठेवली होती. त्यानं चाचपून झाकण शोधलं आणि घट्ट लावलं.